मोहल्ला सुरक्षा (इंदूर)

इंदूरच्या निवासी वस्त्यांत चोरी, घरफोडी, दागिने हिसकावणे आणि फसवणूक होऊ नये म्हणून रहिवासी, चौकीदार आणि पोलीस जे जे करतात त्या सगळ्याला मिळून हे नाव वापरता येते. त्याला एकच कायदा किंवा एकच कार्यालय नाही. रात्रीचा पहारा, नगर सुरक्षा समिती, भाडेकरूंची नोंद, कॅमेरे आणि शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली हे सगळे त्यात येते. गुन्हा घडल्यानंतरचा तपास या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

जुने शहर. राजवाड्याभोवतीची वस्ती, मल्हारगंज, जुनी इंदूर, पंढरीनाथ या भागांत घराला घर लागून आहे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. गल्लीत शिरणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी ओटल्यावरून (घरापुढच्या ओट्यावरून) दिसतो. होळकरांबरोबर आलेली अनेक मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या याच भागांत राहिली. इथली ठाणीही ओळखीच्याच नावांची: मल्हारगंज, तुकोगंज, पंढरीनाथ.

जागत्या वस्तीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सराफा. दिवसा सोन्या-चांदीची बाजारपेठ, आणि दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवा यांच्या गाड्या. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. रात्री माणसांची वर्दळ राहिली तर पेढ्यांना आपोआप राखण मिळते, म्हणून सराफांनीच या गाड्यांना उत्तेजन दिले, असे शहरात सांगतात. आता गॅसच्या शेगड्या आणि गर्दी यांमुळे आगीचा धोका आहे, असे म्हणत सराफ व्यापारीच खाऊगाड्यांची ही चौपाटी हलवण्याची मागणी करतात. राखणीचे काम आता तिजोऱ्या आणि कॅमेरे करू लागले, आणि गाड्यांची गरज संपली, असाही या मागणीचा अर्थ निघतो.

त्याच्या अगदी उलट अनुभव बीआरटीएस मार्गाचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका केलेल्या रस्त्याचा. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात २०२२ मध्ये दुकाने चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. नशा, हाणामाऱ्या आणि टवाळखोरी यांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये ती परवानगी काढून घेण्यात आली. दोन्हीकडे रात्र जागतीच होती. पण सराफ्यात गाडीवाला ठरलेला, जागा ठरलेली आणि गिऱ्हाईक बहुधा कुटुंबासह आलेले. बीआरटीएसवर येणारा पुन्हा त्या ठिकाणी दिसेलच असे नव्हते. नुसत्या उजेडाने आणि गर्दीने सुरक्षितता येत नाही, हे या प्रयोगातून इंदूरला कळले असावे.

कॉलन्या. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, टिळक नगर अशा मराठी वस्तीच्या कॉलन्यांत घरे सुटी झाली, कंपाउंडच्या भिंती आल्या आणि ओटला गेला. मुले पुण्या-बंगळुरात किंवा परदेशात, आणि घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील, हे चित्र इथे सर्रास दिसते. दिवाळी, लग्नसराई किंवा उन्हाळ्याची सुटी आली की कुलूपबंद घरांची संख्या वाढते आणि घरफोड्या नेमके तेच दिवस साधतात. बाहेरगावी जाताना ठाण्याला कळवा, दागिने लॉकरमध्ये ठेवा, असे पोलीस दर वर्षी सांगतात. प्रत्यक्षात मात्र बहुतेक लोक ठाण्याऐवजी समोरच्या काकूंना सांगतात: रात्री पोर्चमधला दिवा लावा, दूधवाल्याला नाही म्हणा, फाटकात अडकलेला पेपर उचलून घ्या. गणेशोत्सवाचे मंडळ, भिशी, देवळातले भजनी मंडळ यांतून झालेल्या ओळखी इथे कामी येतात. कोणाच्या घरी कोण येते-जाते हे या मंडळींना माहीत असते, कधी कधी नको तितके.

पहाटे फिरायला किंवा देवळात निघालेल्या बायकांच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावणे हा कॉलन्यांतला दुसरा नेहमीचा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली हिसकावणे हा वेगळा गुन्हा धरला आहे; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. घट्ट ओळख असलेल्या गल्लीतही दुचाकीवरून आलेला चोर काही क्षणांत पसार होतो, त्यामुळे इथे शेजाऱ्यांपेक्षा वळणावरचा कॅमेरा अधिक उपयोगी पडतो.

चौकीदार. रात्री विजेच्या खांबावर काठी आपटत, शिटी वाजवत फिरणारा, बहुधा नेपाळी, चौकीदार अजूनही पुष्कळ कॉलन्यांत आहे. महिन्याच्या सुरुवातीला घरोघर फिरून तो आपले पैसे गोळा करतो. तो कोणत्याही एजन्सीचा नसल्याने खासगी सुरक्षा संस्थांसाठीचा २००५ चा केंद्रीय कायदा त्याला शिवत नाही. त्याला प्रशिक्षण नाही, विमा नाही, साप्ताहिक सुटीही नाही. शिटीने चोर सावध होतो, ही टीका जुनीच. मात्र चोराने सावध होऊन निघून जावे, इतकीच तर चौकीदाराकडून अपेक्षा असते.

नगर सुरक्षा समिती. मध्य प्रदेशात ग्राम व नगर रक्षा समित्यांसाठी १९९९ चा कायदा आहे. पोलीस ठाण्याच्या हद्दीतील स्वयंसेवक निवडून पोलिसांच्या मदतीला देणे हा त्याचा गाभा. इंदुरात या मंडळींना नगर सुरक्षा समितीचे सदस्य म्हणतात. अनंत चतुर्दशीला रात्रभर चालणारी गिरण्यांच्या झांक्यांची (चित्ररथांची) मिरवणूक आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) या दोन दिवशी त्यांचे काम दिसते: दोर धरणे, हरवलेली मुले आई-बापांकडे पोचवणे, गल्लीच्या तोंडाशी उभे राहणे. बाकीच्या वर्षभरात समिती किती जिवंत असते हे त्या त्या ठाणेदारावर अवलंबून असते. ओळखपत्र खिशात घालून रुबाब करणारे सदस्यही शहराने पाहिले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात भिवंडीच्या मोहल्ला समित्या आठवतील. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी त्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ च्या दंगलींत भिवंडी शांत राहिली. तिथे हेतू दोन समाजांना एकत्र बसवण्याचा होता. इंदूरच्या समित्या मात्र बंदोबस्ताला जादा हात म्हणूनच जास्त वापरल्या गेल्या.

पोलीस. डिसेंबर २०२१ मध्ये भोपाळबरोबर इंदुरात पोलीस आयुक्तालय सुरू झाले. हरिनारायणचारी मिश्र पहिले आयुक्त. शांततेसाठी जामीन घेणे, प्रतिबंधक आदेश काढणे, सराईत गुन्हेगाराला जिलाबदर (महाराष्ट्रात तडीपार) करणे हे अधिकार त्यामुळे दंडाधिकाऱ्यांकडून पोलिसांकडे आले. जिलाबदरीचा आधार १९९० चा राज्य सुरक्षा कायदा आहे. तातडीच्या मदतीसाठी राज्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये डायल १०० ची वाहने धावू लागली. २०२५ पासून त्यांची जागा ११२ ने घेतली.

भाडेकरूची माहिती ठाण्यात देणे घरमालकावर प्रतिबंधक आदेशाने बंधनकारक केले जाते. भंवरकुआँ भागात क्लासेससाठी आलेल्या हजारो विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि पीजी आहेत; तिथे हा आदेश पाळणे आणि पाळला जातो का हे पाहणे दोन्ही अवघड. फॉर्म भरून दिला म्हणजे पडताळणी झाली, असा पुष्कळ घरमालकांचा समज असतो.

संशय. ओळखीवर उभी असलेली सुरक्षा अनोळखी माणसाच्या वाट्याला नेहमीच चांगली येत नाही. फेरीवाला, भंगारवाला, डेऱ्यात राहणारी कुटुंबे यांच्याकडे पहिले बोट जाते. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून सुटल्या, तरी माळव्यातल्या बोलण्यातून तो शिक्का पुसला गेलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूरच्या गोविंद नगर भागात बांगड्या विकायला आलेल्या एका तरुणाला जमावाने नाव आणि धर्म विचारून मारहाण केली. वस्तीत आलेल्याची ओळख विचारण्याचा अधिकार कोणाला आणि कुठवर, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही समितीच्या नियमात सापडत नाही.

नवे गुन्हे. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीपुढे फाटक, चौकीदार आणि कॅमेरा तिन्ही निरुपयोगी ठरतात. पोलीस असल्याचे भासवून ‘डिजिटल अटके’ची, म्हणजे फोनवरच अटक केल्याची, धमकी देणारा भामटा एकट्या वृद्धाला व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास अडकवून ठेवतो आणि कोणाशी बोलू नका असे बजावतो. शेजारणीने सहज बेल वाजवली तर तो डाव मोडू शकतो. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते.