प्रभावी जनुक वेगळं, सर्रास आढळणारं जनुक वेगळं

‘ओ रक्तगट अप्रभावी, मग मुंबईत ओ गटाची इतकी माणसं कशी?’ रक्तदान शिबिरांत हा प्रश्न हमखास निघतो. त्याहून वाईट म्हणजे ‘अप्रभावी गुण हळूहळू नाहीसे होतात’ हे उत्तर तितक्याच ठामपणे दिलं जातं. ते साफ चूक आहे.

प्रभावी म्हणजे काय, हे शाळेत झालेलं आहे: जोडीतलं एक जनुक दिसतं, दुसरं झाकलं जातं. पण मेंडेलचं ३:१ (तिघांत प्रभावी गुण, एकात अप्रभावी) हे दोन संकरित, म्हणजे जोडीत दोन्ही प्रकारची जनुकं असलेल्या पालकांच्या संततीचं प्रमाण, अख्ख्या शहराचं नव्हे. नेमका हाच घोळ १९०८ साली इंग्लंडमध्ये झाला. आखूड बोटांचा गुण प्रभावी असेल, तर कालांतराने चारांत तिघांची बोटं आखूड व्हायला हवीत, असा आक्षेप निघाला. जीवशास्त्रज्ञ पनेट यांनी तो क्रिकेटमधले आपले सोबती जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवला. हार्डी म्हणजे रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे गणिती. त्यांनी ‘सायन्स’ला छोटंसं पत्र लिहून प्रश्न निकालात काढला. जर्मन डॉक्टर वाइनबर्ग त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते.

हिशेब करून बघा. समजा, समाजात ओ जनुकाचं प्रमाण ०.६, बाकीच्यांचं मिळून ०.४. लग्नं रक्तगट न बघता होतात असं धरलं, तर दोन्ही ओ असलेले ०.६ × ०.६ = ०.३६, एकच ओ असलेले २ × ०.६ × ०.४ = ०.४८. पुढच्या पिढीला पहिले ओच देणार, दुसरे निम्म्या वेळा: ०.३६ + ०.२४ = ०.६. जिथून निघालो तिथेच! कोण कोणाला झाकतं, हे या बेरजेत कुठेच येत नाही. झाकलेलं जनुक दिसत नाही, पण पुढे जातंच. प्रमाण बदलतं ते निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन किंवा लहान समाजातल्या योगायोगाने.

आता आपल्याच शहराचं नाव मिळालेला बाँबे रक्तगट घ्या. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला. त्यामागचं एच-विरहित जनुकही (ए आणि बी ज्यावर बनतात तो एच पदार्थ न बनवणारं) अप्रभावीच, पण हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. दोन्ही अप्रभावी, एक लोकलच्या प्रत्येक डब्यात भेटेल, दुसरा शोधून सापडत नाही.

हार्डींच्या अटी (लग्नं रक्तगट न बघता होतात आणि प्रमाण बदलणारी वरची कारणं नाहीत) धरल्या, तर दहा हजारांत एक म्हणजे जनुकाचं प्रमाण शंभरात एक आणि ते झाकून बाळगणारे जवळपास पन्नासात एक. नात्यातल्या लग्नांनी बाँबे गटाची मुलं वाढतील, पण तेवढ्याने जनुकाचं प्रमाण वाढणार नाही. माझं ठाम मत आहे की ३:१ घोकून घेण्याआधी मुलांकडून ही बेरीज करून घ्यावी.