फ्लेव्होनॉइड ओळखणारं इलेक्ट्रोडचं टोक

कांद्याच्या वरच्या कोरड्या सालीत क्वेर्सेटिन भरपूर असतं. हे एक फ्लेव्होनॉइड. दोन बेंझिन वलयं, त्यांना जोडणारे तीन कार्बन, असा एकूण 15 कार्बनांचा सांगाडा असलेले हजारो रेणू वनस्पती तयार करतात. त्यांना आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो, कारण ते इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतात. विद्युतरासायनिक संवेदक, म्हणजे विद्युतप्रवाहावरून रसायन ओळखणारं साधन, नेमका हाच गुण वापरतो, आणि मला यातलं हेच सर्वात सुंदर वाटतं.

क्वेर्सेटिनच्या एका वलयावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी असतात. द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज हळूहळू वाढवत नेला की एका टप्प्यावर हा रेणू दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडतो नि क्विनोन बनतो. तेवढ्यापुरता विद्युतप्रवाह वाढतो आणि आलेखावर शिखर उमटतं. शिखर कुठे आलं यावरून रेणूचा अंदाज येतो, किती उंच गेलं यावरून त्याचं प्रमाण. व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या आलेखातून रसायन ओळखायची ही वाट यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी 1922 मध्ये पाऱ्याच्या थेंबांवर शोधली. त्यासाठी त्यांना 1959 चं नोबेल मिळालं.

रेणू फारच थोडे असले, तर साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर हे शिखर दिसतच नाही. इथे इलेक्ट्रोडवर लावलेले नॅनोपदार्थ, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे किंवा थरांचे पदार्थ, कामी येतात. ग्राफीन म्हणजे एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा पत्रा. त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे 2600 चौरस मीटर भरतं. पण नुसत्या जागेपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: ग्राफीनची षटकोनी जाळी आणि फ्लेव्होनॉइडची सपाट वलयं एकमेकांना चिकटतात. त्यामुळे मोजणी सुरू होण्याआधीच विखुरलेले रेणू पृष्ठभागावर गोळा होतात. सोन्याचे नॅनोकण इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण आणखी सुकर करतात.

खरी अडचण पुढे आहे. रुटिन म्हणजे साखरेची जोडी लागलेलं क्वेर्सेटिन. ते दोन हायड्रॉक्सिल गट त्यातही तसेच मोकळे असतात, म्हणून दोघांची शिखरं जवळजवळ येतात. क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन द्यायला तयारच असतं. शिवाय द्रावणाचा पीएच एकाने वाढला, तर शिखर सुमारे 59 मिलिव्होल्ट खाली सरकतं. दोन फ्लेव्होनॉइडांमधलं अंतर कधी कधी तेवढंही नसतं. म्हणून पीएच स्थिर ठेवणारं बफर द्रावण काटेकोर लागतं. जो चिकटपणा उपयोगी पडतो, तोच नंतर नडतो: ऑक्सिडीकरणातून तयार झालेले रेणू इलेक्ट्रोडवर साचून राहतात आणि पुढच्या मोजणीत शिखर खुजं येतं. यावर एकदाच वापरायचे छापील इलेक्ट्रोड हा उपाय. सारख्या रेणूंच्या गोंधळावरचा उपाय अधिक कल्पक आहे: क्वेर्सेटिनभोवती पॉलिमर घडवायचा, मग क्वेर्सेटिन धुऊन काढायचं. मागे त्याच्याच आकाराचे साचे उरतात, आणि त्यांत मुख्यतः क्वेर्सेटिनच नीट बसतं.

प्रयोगशाळेतलं एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) यंत्र आधी रेणू वेगळे करतं, मग मोजतं. ते अजूनही जास्त भरवशाचं. संवेदकाने फक्त शुद्ध द्रावणात कमाल करून दाखवली, तर माझं समाधान होत नाही. वनस्पतीच्या गढूळ अर्कात ठरावीक क्वेर्सेटिन मुद्दाम मिसळावं आणि तेवढंच परत मोजता येतं का, ते पाहावं.