विमानतळ शुल्क कोण ठरवतं, कसं वाढतं, हरकत कुठे घ्यायची? कोल्हापूरकरांसाठी माहिती

उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून मुंबई किंवा हैदराबादचं तिकीट काढलं की मूळ भाड्याखाली दोन-चार इंग्रजी अक्षरांच्या ओळी येतात. त्यातली रक्कम वाढली की आपण विमान कंपनीच्या काउंटरवरच्या पोरावर चिडतो. त्याचा काही उपयोग नाही. कंपनी फक्त गोळा करते, दर ठरवणारे वेगळे.

आधी सोपी ओळ. एएसएफ म्हणजे विमान सुरक्षा शुल्क. ते देशभर सारखं असतं आणि केंद्र सरकार ठरवतं. १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवाशाला ते २०० रुपये झालं, त्याआधी १६० होतं. दोन वर्षांखालच्या बाळाला ते लागत नाही.

खरी गुंतागुंत यूडीएफची, म्हणजे विमानतळ वापर शुल्काची. ते विमानतळागणिक बदलतं. वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असतील तर तो विमानतळ कायद्याने 'प्रमुख' ठरतो आणि त्याचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एरा, ठरवतं. २००८ च्या मूळ कायद्यात ही मर्यादा १५ लाखांची होती, २०१९ मध्ये ती वाढवली. मुंबई, पुणे प्रमुख. कोल्हापूर अजून त्या आकड्यापासून बरंच लांब आहे, म्हणून इथलं यूडीएफ एराकडे जात नाही. विमानतळ चालवणारं भारतीय विमानतळ प्राधिकरण, म्हणजे एएआय, आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालय यांच्या पातळीवरच तो विषय संपतो. बेळगावचंही तसंच.

आता एराची पद्धत. पुण्या-मुंबईहून उडणारे कोल्हापूरकर काही थोडे नाहीत, त्यामुळे ती माहीत हवीच. दर साधारण पाच वर्षांसाठी ठरतात. विमानतळ चालक प्रस्ताव देतो: इमारत-धावपट्टीत घातलेलं भांडवल आणि त्यावरचा वाजवी परतावा, घसारा, चालवण्याचा खर्च, कर. या बेरजेतून दुकानं, पार्किंग, जाहिराती यांच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग वजा होतो. उरलेली रक्कम अपेक्षित प्रवासी आणि विमानांकडून वसूल करायची. मागच्या पाच वर्षांत अंदाजापेक्षा कमी वसुली झाली असेल तर ती तूट पुढच्या दरात धरतात. एखाद्या वर्षी शुल्क एकदम उडी मारतं, त्यामागे बऱ्याचदा हीच जुनी बाकी असते.

अंतिम आदेशाआधी एरा सल्लामसलत पत्र संकेतस्थळावर टाकतं, बैठक घेतं, लेखी म्हणणं मागवतं. प्रवासीही म्हणणं मांडू शकतो, वकील लागत नाही. नाव, पत्ता, पत्रातला परिच्छेद क्रमांक आणि तुमचा मुद्दा एवढं पुरे; मुदत त्या पत्रातच असते. 'दर परवडत नाहीत' एवढंच लिहिलं तर ते बाजूला पडणार. 'प्रवाशांचा अंदाज कमी धरला आहे, म्हणून प्रत्येकावरचा बोजा फुगला' असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत टीडीसॅटकडे, म्हणजे दिल्लीतल्या दूरसंचार वाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं, पण ते काम संघटनेने करावं, एकट्या माणसाने नव्हे.

कोल्हापूरच्या शुल्काबद्दल विचारायचं तर दोन वाटा. खासदारांच्या अध्यक्षतेखालच्या विमानतळ सल्लागार समितीकडे निवेदन, शक्यतो व्यापारी संघटनेच्या लेटरहेडवर. नाहीतर माहिती अधिकार: केंद्राच्या पोर्टलवर एएआय निवडा, १० रुपये भरा आणि सध्याच्या यूडीएफच्या मंजुरी आदेशाची प्रत मागा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की फी माफ. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मोघम 'शुल्क का वाढलं' विचारू नका, कागद मागा.

हवाई वाहतूक नियंत्रणाचं शुल्क तिकिटावर दिसत नाही. ते विमानाचं वजन आणि अंतर यांवरून कंपनी एएआयला भरते. मुंबईसारखा विमानतळ खाजगी कंपनीकडे असला तरी नियंत्रण एएआयचंच. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेच्या फेऱ्यांना हे शुल्क, म्हणजे मार्ग-दिशादर्शनाचं शुल्क, नेहमीच्या ४२.५ टक्केच लागतं. शिवाय एएआयच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत प्रवासी विमानांना उतरण्याचं शुल्क माफ आहे. ७८ आसनांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, त्यात बरोबर बसतं. छोट्या शहरांत हीच विमानं जास्त का दिसतात, याचं थोडं उत्तर यात आहे.

आणि जे बहुतेकांना माहीतच नसतं: तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं तरी यूडीएफ आणि सरकारी कर परत मिळतात, भाडं 'नॉन-रिफंडेबल' असलं तरीही. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, तसा नियम आहे आणि परतावा करण्यासाठी वेगळा आकार लावायलाही मनाई आहे. पीएनआर, भाड्याची फोड असलेलं तिकीट आणि रद्द केल्याचा मेल जोडून आधी कंपनीला लिहा, दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. तिकीट एजंटकडून काढलं असेल आणि तो 'कंपनीकडून आलंच नाही' म्हणून टोलवत असेल, तरी जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी धरला जातो.