सुताराला गुत्त्यानं (ठेक्यानं) काम देताना लेखी करार : पात्रता, कागदपत्रे, मुद्रांक आणि मजकूर

चौकटी, दारं, देवघर, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, भिंतीतली कपाटं ही कामं मराठवाड्यात बहुतेक तोंडीच ठरतात. ओळखीतला सुतार येतो, मापं घेतो, उचल घेतो आणि काम सुरू होतं. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही चालतो. वाद होतो तो शेवटच्या हप्त्याला. पॉलिश ठरलं होतं का, बिजागऱ्या कुणी आणायच्या होत्या, हे दाखवायला कागद नसतो. अशा वादात सुताराचं नुकसान जास्त होतं असं मला वाटतं, कारण तोवर त्याची मेहनत लाकडात उतरलेली असते. करार मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं दोघांपैकी कुणीच समजू नये.

गुत्तं की रोजंदारी, हे आधी ठरवा

रोज हजेरी धरून, तुम्ही सांगाल त्या वेळी, तुम्ही सांगाल तसं काम करणारा सुतार तुमचा मजूर ठरू शकतो. मग कामावर कुणाला इजा झाली तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. ठरलेलं काम ठरलेल्या रकमेत, स्वतःच्या हत्यारांनी आणि स्वतःचे मदतनीस लावून पूर्ण करून देणारा सुतार स्वतंत्र व्यावसायिक असतो. करारात असं वाक्य घाला: “कामाची वेळ, पद्धत व मदतनीस सुतार स्वतः ठरवील, मदतनिसांची मजुरी व सुरक्षितता त्याच्याकडे राहील.” मात्र कागदावर गुत्तं आणि प्रत्यक्षात हजेरी असेल, तर न्यायालय प्रत्यक्षातला व्यवहार पाहतं. ग्राहक कायद्यातही हा फरक महत्त्वाचा आहे. गुत्त्यानं घेतलेलं काम सेवेत मोडतं, नोकरीच्या स्वरूपाची वैयक्तिक सेवा मात्र त्यातून वगळलेली आहे.

कोण करार करू शकतो, काय लागतं

दोघंही १८ वर्षं पूर्ण केलेले, शुद्धीवर असलेले आणि स्वखुशीनं सही करणारे हवेत. सुताराला वेगळा परवाना लागत नाही. त्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीही बंधनकारक नसते. तुम्ही भाडेकरू असाल आणि कपाट भिंतीत बसवून घेणार असाल, तर आधी घरमालकाचं संमतीपत्र घ्या.

दोघांच्या आधारची झेरॉक्स (शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकून), मोबाइल नंबर आणि सुताराच्या बँक पासबुकाचं पहिलं पान एवढं पुरतं. घराच्या पत्त्यासाठी गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात नगरपालिकेची किंवा महापालिकेची कर पावती जोडावी. सुताराकडे पीएम विश्वकर्माचं ओळखपत्र, ई-श्रम कार्ड किंवा उद्यम प्रमाणपत्र अशी सरकारी नोंदणी असेल तर तिचा क्रमांक लिहा. यांपैकी काही नसलं तरी करार होतो.

लाकूड तुम्ही देणार असाल तर वखारीची पावती जपून ठेवा. शेतातला साग तोडून चौकटी करायच्या असतील तर आधी वनविभागाकडून तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास काढा. किनवट-माहूर भागातल्या सागामुळे नांदेड जिल्ह्यात हा प्रश्न नेहमी येतो. लाकूड बिनपावतीचं निघालं तर नुसता वाहून नेणारा सुतारसुद्धा अडचणीत येतो.

मुद्रांक

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारासाठी १०० रुपयांचा मुद्रांक पुरत नाही. घरगुती सुतारकामाला ५०० रुपयांचा घ्यावा. तो तहसील परिसरातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे दोघांपैकी एकाच्या नावानं घ्या आणि सहा महिन्यांच्या आत वापरा. मुद्रांक कमी असला म्हणून करार रद्द होत नाही, पण फरक आणि दंड भरल्याशिवाय तो कागद न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणीची गरज नाही. नोटरीही सक्तीची नाही; दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र घ्याव्यात. सुताराला वाचता येत नसेल तर करार मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि “वाचून दाखवले, समजले” असं लिहून त्याखाली साक्षीदारांच्या सह्या घ्या.

करारात काय लिहायचं

लोक मुद्रांकाची चिंता करतात आणि मजकूर दोन ओळींत उरकतात. “घराचे संपूर्ण फर्निचर” या शब्दांतून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. प्रत्येक वस्तू वेगळी लिहा: लांबी, रुंदी, खोली, कप्पे किती, खण किती. साध्या वहीच्या पानावर काढलेलं चित्र जोडून त्यावर दोघांनी सही केली तरी चालतं.

माल नेमका लिहा. “चांगला प्लाय” असं न लिहिता जाडी आणि दर्जा लिहा, जसं १८ मिमी, आयएस (भारतीय मानक) ३०३ किंवा पाण्याजवळ आयएस ७१०, आयएसआय मार्कासह. सनमायका ०.८ मिमी की १ मिमी, फेविकॉल, खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कडी-कोयंडे कुणाकडे, उरलेले काटपीस कुणाचे, मशीनसाठी लागणारी वीज कुणाची, हेही त्यातच येऊ द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड आखडतं आणि पावसाळ्यात फुगतं, म्हणून एक अट मी आग्रहानं सुचवीन: पहिला पावसाळा झाल्यावर दारांना एकदा मोफत रंधा मारून द्यावा.

पैसे टप्प्यांत आणि दिसणाऱ्या कामाला बांधलेले असावेत. समजा मजुरी ६०,००० रुपये आहे: उचल १०,०००, सांगाडे उभे राहिल्यावर २०,०००, सनमायका लागल्यावर २०,००० आणि काम दाखवून झाल्यावर सात दिवसांत १०,०००. उचल मजुरीतूनच वजा होईल असं स्पष्ट लिहा. रक्कम खात्यात द्या. रोख दिली तर सहीची पावती घ्या. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्यात चालत नाही.

मुदत पाळणं खरंच अत्यावश्यक असेल तर तसे शब्द लिहावे लागतात. तसा हेतू करारातून दिसत नसेल तर केवळ उशिरासाठी करार मोडता येत नाही, भरपाई तेवढी मागता येते. “रोज हजार रुपये दंड” लिहिला तरी न्यायालय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी तेवढीच भरपाई देतं. तुमचाच प्लाय उशिरा आला तर मुदत तितके दिवस वाढेल, हेही लिहा. वाढीव काम आलं की त्याचं माप आणि दर व्हॉट्सअॅपवर टाकून दुसऱ्याकडून “मान्य” असं उत्तर घ्या.

सुतारांनी करार कायद्याचं कलम १७० माहीत करून घ्यावं. गिऱ्हाइकाचं लाकूड आपल्या दुकानात आणून कपाट केलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मजुरी मिळेपर्यंत ते ठेवून घेण्याचा हक्क त्यांना आहे. गिऱ्हाइकाच्या घरी केलेल्या कामाला तो लागू पडत नाही, म्हणून तिथं टप्प्याटप्प्यानं पैसे घेणं जास्त गरजेचं.

वाद झाला तर

आधी तारीख टाकून लेखी नोटीस द्या. सदोष कामासाठी घरमालकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. थकलेल्या मजुरीसाठी सुताराला दिवाणी न्यायालयात साधारणपणे तीन वर्षांची मुदत मिळते.

त्याआधी दोघांनीही तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करून प्रकरण लोक अदालतीत ठेवावं. तिथं शुल्क नसतं, आणि झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं. अर्जासोबत कराराची प्रत, पैसे दिल्या-घेतल्याच्या पावत्या, कामाचे फोटो आणि नोटिशीची पोच जोडा.