नदीकाठचं गाव आणि ‘कार्यात्मक’ नळ

शिरोळ तालुक्यातल्या कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांना टंचाईग्रस्त म्हणायची सवय कुणालाच नव्हती. १९७२-७३ पासून ग्रामीण पाणीपुरवठ्याला केंद्राचा पैसा मिळू लागला. तेव्हा ‘समस्याग्रस्त गाव’ ठरवताना पहिला प्रश्न अंतराचा असे : १.६ किलोमीटरच्या आत पाणी आहे का? घाटाच्या पायऱ्या उतरल्या की नदी, अशी गावं त्यात कुठून बसणार? पुढे नदीत जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), गावात टाकी आणि चौकात नळकोंडाळं आलं.

मग प्रश्न आला ‘किती’चा. बरीच वर्षं हिशेब माणशी रोज ४० लिटरचा होता : पिण्याला ३, स्वयंपाकाला ५, आंघोळीला १५, भांडी आणि घर धुवायला ७, शौचाला १०. कपड्यांना रकानाच नाही! धुणं नदीवरच, हे जणू गृहीत. शिवाय २५० माणसांमागे एक नळ किंवा हातपंप पुरेसा मानला जाई. तिथून घरापर्यंत घागर कोण आणणार, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

१५ ऑगस्ट २०१९ ला केंद्राचं जलजीवन मिशन जाहीर झालं : २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ. माणशी ५५ लिटर, तेही घरातल्या नळाला. इथेच ‘कार्यात्मक नळजोडणी’ हा शब्द आला. पाणी पुरेसं हवं, ठरलेल्या दर्जाचं हवं आणि नियमित हवं, तरच जोडणी कार्यात्मक. व्याख्या उत्तम आहे. मोजताना मात्र तोटी मोजणं सोपं पडतं. ‘हर घर जल’ गावांच्याही दोन पायऱ्या : खात्याने कळवलेलं गाव आणि ग्रामसभेने ठराव करून प्रमाणित केलेलं गाव. बातमीत बहुधा पहिलाच आकडा येतो. दुसरा खरा, कारण नळाखाली कळशी लावणारी बाई ग्रामसभेत बसू शकते.

ही घोषणा झाली त्याच महिन्यात या पट्ट्यात महापूर होता. पंप पाण्याखाली गेले की दारात नदी आणि नळ कोरडा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच.

दर्जाची अट त्याहून अवघड. २०१२ च्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला, इचलकरंजीत, दूषित पाण्यातून कावीळ पसरली आणि माणसं दगावली. पाण्यात टाकायच्या टीसीएल (क्लोरीनच्या) पावडरीने जंतू मरतात. पंचगंगेत उतरणाऱ्या कारखान्यांच्या रसायनांवर तिचा इलाज चालत नाही. याच नदीवरच्या तेरवाड बंधाऱ्यात मेलेले मासे दिसले की खालच्या गावांत विकतच्या पाण्याचे जार वाढतात, नळजोडणी कागदावर कार्यात्मकच राहते.

मिशनची २०२४ ची मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे.