तुम्हाला कोणता घोडा द्यायचा, हे आम्ही कसं ठरवतो

बुकिंग घेताना आम्ही विचारतो, "याआधी घोड्यावर बसला आहात का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, माथेरानला." तिथे गाड्या वर जात नाहीत, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे कधी ना कधी घोड्यावर बसलेली माणसं घरोघरी सापडतात. पण तिथे घोडा ऐकतो घोडेवाल्याचं, वाट त्याला पाठ असते आणि आपण वर बसून फोटो काढतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाशीही तेच. त्यात वाईट काही नाही, उंचीची भीती तरी मोडते. फक्त आमच्या वहीत तुमच्या नावापुढे "नवीन" असंच लिहिलं जाईल. राग मानू नये.

"किती वर्षं शिकलात?" हा प्रश्न आम्ही सोडूनच दिलाय. त्याऐवजी विचारतो, कोणी दोर धरलेला नसताना घोडा थांबवता येतो का? दुडकीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, तालावर उठबस करत मैदानाच्या दोन फेऱ्या होतात का? आणि शेवटचं कधी पडलात? खरंच रपेट करणारा माणूस या शेवटच्या प्रश्नाला हसतो आणि कुठे, कसा, कोणत्या कुशीवर पडलो ते सांगतो. "मी कधीच पडलो नाही" असं ऐकलं की आम्ही लाडीवर खोगीर चढवतो.

लाडी ही आमची सतरा वर्षांची घोडी. पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबता. तिला पाहून पुष्कळांचा चेहरा पडतो. पण स्वाराचा पाय रिकिबीतून निसटला की ती दोन पावलांत थांबते, एक कान मागे वळवते आणि पाय परत अडकवेपर्यंत हलत नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. नवख्यांना आधी तीच मिळते. पागेतली सगळ्यात मोलाची घोडी कोणती, असं विचाराल तर आम्ही तिच्याकडेच बोट दाखवू.

सुलतानची गोष्ट उलटी. हा रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेला. उंच, चकचकीत, सगळ्यांना हाच हवा असतो. शर्यतीच्या घोड्याला लहानपणापासून सवय असते की लगाम ताणलेला आणि जॉकी पुढे झुकलेला, म्हणजे पळायचं. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. पुढे वाकतो, पोटऱ्या आवळतो, लगाम खेचून धरतो. माणूस म्हणतो "थांब", घोड्याला ऐकू येतं "चल".

हे आम्ही चुकून शिकलो. एक गृहस्थ आले होते, स्वतःचे बूट, स्वतःचं हेल्मेट. तीन वर्षांचा अनुभव सांगितला आणि आम्ही सुलतान दिला. मैदानाच्या चार फेऱ्या चौखूर झाल्या. शेवटी दाण्याच्या खोलीपाशी तो आपणच थांबला. कोणाला लागलं नाही, पण ते गृहस्थ अर्धा तास पायरीवर पाणी पीत बसले होते. चूक आमची. आम्ही बूट पाहिले, मांड पाहिली नाही. तेव्हापासून प्रत्येकाला, अगदी शिकून आलेल्यालाही, पहिली दहा मिनिटं लांब दोरीवर गोल फिरवतो. तिथे दोन मिनिटांत सगळं कळतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मध्ये खंड पडला असेल तर तेही सांगा. कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होतात, आता पंचेचाळिशी आली. डोक्याला मांड आठवते, मांड्या मात्र विसरलेल्या असतात. अशांना बाजी हा कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा घोडा देतो. चांगला आहे, पण स्वार ढिला दिसला की फाटकाकडे वळून बघतो. दोन-तीन दिवसांत अंगात जुनं परत येतं.

वजन विचारतो तेव्हा संकोच नको. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, असा आमचा हिशेब आहे. 400 किलोच्या घोड्यावर 80 किलो, त्यातले सात-आठ खोगिराचेच. त्याहून वजनदार असाल तर आमच्याकडे दोन दणकट घोडे आहेत, पण ते आधीच राखून ठेवावे लागतात. पाठीचं दुखणं, ऑपरेशन, गरोदरपण हेही फोनवरच सांगा.

मुलांच्या बाबतीत आई-बाबांना एक विनंती. कठड्याबाहेरून "पळव, पळव" म्हणू नका. मूल तुमचं ऐकतं आणि घोडा मुलाचं.

ठरवलेला घोडा त्या दिवशी बदलूही शकतो. पावसामुळे तीन दिवस बांधून राहिलेला, किंवा गावात ढोल-ताशांचा सराव चालू असताना कान टवकारलेला घोडा म्हणजे रोजचा घोडा नव्हे. अशा सकाळी शिकलेल्यांनाही लाडीच मिळते.

येताना पूर्ण लांबीची पँट आणि थोडी टाच असलेले बंद बूट घाला. सपाट तळाचा पाय रिकिबीतून आरपार जातो. हेल्मेट आमच्याकडे आहेत. गाजरं आणलीत तर उभी, लांब चिरून आणा आणि आधी आम्हाला विचारून द्या. बाजी बोटं आणि गाजर यांत फार फरक करत नाही.