जुनी ग्रँड टूरर सुधारावी, की एक्झॉटिक घ्यावी?

दोन दारं, लांब बॉनेट, जमिनीलगतची बैठक आणि सिग्नलवर माना वळवणारा आवाज. एवढं दिसलं की नागपूरच्या धरमपेठेत तिला सरसकट 'स्पोर्ट्स कार' म्हणून मोकळे होतात. मग हौशी माणसाला प्रश्न पडतो की जुन्या जग्वार एक्सजेएससारख्या ग्रँड टूररवर पैसे ओतायचे, की तेच पैसे जमवून सेकंडहँड लॅम्बोर्गिनीसारखी एक्झॉटिक आणायची. हिशेब मांडण्याआधी या दोघी कशासाठी घडवल्या आहेत, ते पाहायला हवं.

ग्रँड टूररचं इंजिन बहुधा पुढे असतं, मागे मुलांपुरती सीट, डिकीत दोघांच्या बॅगा आणि सस्पेन्शन मऊ. दिवसभर गाडी हाणून संध्याकाळी कंबर न धरता उतरता यावं, हा तिचा धर्म. १९७५ ते १९९६ या काळात बनलेली एक्सजेएस ५.३ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन घेऊन आली, ती यासाठीच. १९७७ साली आलेल्या पोर्शे ९२८ मध्ये तर इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, वजनाचा तोल साधायला. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराने मात्र बारा सिलिंडर चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले आणि एक्झॉटिकचा साचा पडला. अशी गाडी वळणावर चपळ होते, पण सामानाची जागा जाते, मागचं धड दिसत नाही आणि इंजिनची धग पाठीशी येते. बोनेटवरच्या बिल्ल्यावर जाऊ नका. फेरारीनेही उत्तम ग्रँड टूरर बनवल्या आहेत. (पोर्शे ९११ कुठे बसते, यावर भांडायला वेगळी संध्याकाळ लागेल.)

नागपूरकराला समृद्धी महामार्ग मिळाला आहे. मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा ताशी १२०. ताशी ३०० च्या पुढे पळणारी गाडी इथे फक्त चलान कमावते. ग्रँड टूररला हा रस्ता बेतून शिवल्यासारखा बसतो. म्हणून माझा कौल तिच्याकडे, पण मॉडिफिकेशनची मजल किती असावी, यावर सगळं अवलंबून आहे.

कारण कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. जग्वारमध्ये अमेरिकन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवणं, बॉडी कापून रुंद करणं हे मनातून काढूनच टाका.

राहिलं ते खरं काम, आणि ते उन्हाशी आहे. एक्सजेएसच्या पेट्रोलच्या नळ्या सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या खोबणीत, तापलेल्या इंजिनवर पसरलेल्या असतात. रबर कडक झालं की गळती, आणि गळतीनंतर आग. त्यात पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराला खातं. इथेनॉलचा पुरस्कार करणारे केंद्रीय मंत्री आपल्याच शहराचे, तेव्हा वेगळ्या पेट्रोलची वाट पाहू नका, नळ्या बदला. पंचेचाळीस अंशांचा मे झेलायचा तर रेडिएटर नवा करून घ्या, इलेक्ट्रिक पंखे लावा, एसी दुरुस्त करा. १९९३ पर्यंतच्या गाड्यांत मागचे ब्रेक चाकांजवळ नसून डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याला खेटून आहेत. नीट काम करायचं तर अख्खा मागचा सांगाडा खाली उतरवावा लागतो. बारा स्पार्क प्लगांपैकी पुढचे दोन एसी कॉम्प्रेसरखाली दडलेले. मिस्त्री मजुरी उगाच जास्त सांगत नाही, बाप्पा! वीस इंची रिम आणि दगडासारखं सस्पेन्शन लावून तिला एक्झॉटिक बनवायला गेलात, तर आराम जातो आणि चपळाई येतच नाही.

कागदांचा खर्चही धरा. वीस वर्षांवरच्या आयात कारच्या नोंदणीचं नूतनीकरण २०२५ पासून ८०,००० रुपयांना पडतं. गाडी पन्नाशीची झाली की २०२१ च्या नियमांखाली 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण मग चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत, आणि गाडी निघणार ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच. रोज सकाळी तर्री-पोहे खायला नेण्यासाठी तो नंबर नाही.

एक्झॉटिकचं गणित उलटं. तिला काही लावायचं नसतं, फक्त भरायचं असतं. नवी आणायची तर सीमाशुल्कच शंभर टक्क्यांवर; त्यावर राज्याचा आयात गाड्यांसाठीचा वीस टक्के कर, ज्याची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० वरून ३० लाखांवर गेली. 'दुबईहून जुनी स्वस्तात आणून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा: तीन वर्षांहून जुनी वापरलेली कार सर्वसाधारण नियमांत आणता येत नाही, आणि तिकडचं स्टिअरिंग डावीकडे.

इथलीच वापरलेली लॅम्बोर्गिनी गॅलार्डो घेणार असाल, तर ई-गिअरवाल्या (क्लचचं पेडल नसलेल्या, क्लच आपोआप दाबणाऱ्या) गाडीचा क्लच किती झिजलाय, ते आधी कॉम्प्युटर लावून बघा. सीताबर्डीच्या गर्दीत रांगत चालवली की तो भराभर जातो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवर छापलेलं वर्ष वाचा. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. सर्व्हिससाठी मात्र गाडी ट्रेलरवर चढवून मुंबईला न्यावी लागेल, आणि त्या भाड्याचा आकडा घरी आधीच सांगून ठेवा.

दोन्हींपैकी कोणतीही घ्या, बयाणा देण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा, आणि आयातीच्या वेळची बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरलेला कागद, मागा. ती दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर गाडी कितीही चकचकीत असो, परत फिरा.